खजुरींना जामीन

६ मार्च

माझे वडील एकदा म्हणाले होते, "झाड मेलं की लगेच माती उकरत बसू नकोस, नझीहा. आधी बघ, तिथली माणसं कुठे गेली." मी तेव्हा झाडांचे रोग शिकत होते. मेकनेस शहरातल्या आमच्या रोपवाटिकेत ऑलिव्हच्या कलमांना पाणी घालता घालता ते हे बोलले आणि मला हसू आलं. माणसं गेल्यानं झाडं मरत असती तर आम्हाला सूक्ष्मदर्शक कशाला लागला असता? आज बसमधून उतरताना ते वाक्य उगाच आठवलं.

ऐन हज्ला गाव सुरेख आहे. घाट उतरला की नुसती माती, मग आणखी माती, आणि एका वळणावर अचानक हिरवा पट्टा. कुणीतरी ओली चादर वाळत घालून विसरून गेल्यासारखा. माझं काम सोपं आहे. इथल्या बागेतल्या खजुरी का वाळताहेत ते शोधायचं, नमुने पाठवायचे, अहवाल लिहायचा आणि मे संपायच्या आत घरी परतायचं. शामाचं बाळंतपण मे अखेरीला आहे. माझी एकुलती एक लेक. कळा सुरू होतील तेव्हा तुझा हात माझ्या हातात असेल, असा तिला शब्द देऊन आले आहे.

मुक्काम लल्ला यामनाच्या घरी. सत्तरीची, ठेंगणी, एका डोळ्यात मोतीबिंदू. माझी बॅग बघून म्हणाली, झाडांचा डॉक्टर येणार म्हणून मी कोंबडा कापणार होते, आली तर ही बाई! चला, कोंबडाही वाचला आणि भांडी घासायला सोबतही मिळाली. एवढं बोलून तिनं कोंबडा कापलाच. चाळिशी उलटलेल्या मला ती 'पोरी' म्हणते. फार दिवसांनी कुणी मला पोरी म्हटलं.

खिडकीखाली पाटाचं पाणी वाहतंय. बरं वाटतंय इथे.

१० मार्च

रोज सकाळी बागेत जाते. सोबत बा बुअज्जा असतो. पाटाच्या पाण्याची पाळी तोच ठरवतो. उंच, वाकलेला, कमरेला कायम कुऱ्हाड. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, डॉक्टरीणबाई, तूच विचार झाडांना काय दुखतंय ते. मी चाळीस वर्षं विचारतोय, माझ्याशी बोलत नाहीत, बायकोच्या वळणावर गेलीत.

झाडं वाळण्याची तऱ्हा ओळखीची आहे आणि नाहीही. एखादी झावळी एकाच बाजूनं पांढरी पडते, मग दुसरी, मग शेंड्याचा गाभा. आपल्याकडचा खजुरीचा जुना रोग असाच सुरू होतो. पण त्या रोगात खोड कापलं की आत तांबूस रेघा दिसतात. इथे आत काहीच नाही. कोरडं, स्वच्छ, हलकं. आतून कुणी पिऊन टाकल्यासारखं.

दुसरं म्हणजे रोग शेजारच्या झाडाला लागतो, पाटाच्या पाण्याबरोबर पुढे सरकतो. इथे एक खजुरी मेलेली असते आणि तिच्या मुळांना मुळं लागलेली शेजारीण हिरवीगार.

बा बुअज्जा प्रत्येक झाडाला माणसाच्या नावानं ओळखतो. ही इत्तोची, ही बास्सूची, ती पलीकडची इद्देरची. मी विचारलं, हे मालक का? तो म्हणाला, मालक कसले, झाडांना कोण मालक असतो? आणि पुढे चालू लागला.

१७ मार्च

नमुन्यांचा निकाल आला. काही नाही. बुरशी नाही, किडा नाही, पाण्यात खार नाही, माती उत्तम. फोनवर प्रयोगशाळेतली मुलगी हसून म्हणाली, मॅडम, तुमची झाडं ठणठणीत आहेत, फक्त मेलेली आहेत.

मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मजा वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं काही समोर आलंय जे मला येत नाही.

संध्याकाळी लल्ला यामनाबरोबर रोट्या थापत होते. म्हटलं, डोळ्याचं ऑपरेशन का करून घेत नाही? शहर काही फार लांब नाही, मी नेते तुम्हाला. ती म्हणाली, एका डोळ्यानं दिसतंय तेवढं पुरे, बघण्यासारखं उरलंय काय इथे? तूच ना? मी हसले. मग कळलं, ती गावाबाहेरच्या कोरड्या नदीच्या पलीकडे कधीच गेलेली नाही. मुलाच्या वरातीत सगळं गाव नदी ओलांडून गेलं, ही अलीकडच्या काठावर उभी राहिली. मी विचारलं, का? ती दाराजवळच्या तिच्या खजुरीकडे बघत म्हणाली, हिला एकटीला करमत नाही.

२३ मार्च

आज बागेत एक गंमत झाली. गंमतच म्हणायची.

झऱ्याजवळ एक जुनी उंच खजुरी आहे. तीन बाजूंनी पांढरी पडलेली. आज तिला धाक दाखवायचा होता. हा प्रकार मला ठाऊक आहे. माझ्या आईच्या गावी अंजिराला दाखवायचे. झाड फळत नसलं किंवा रुसलं की एकानं कुऱ्हाड उगारायची, शिव्या द्यायच्या, आणि दुसऱ्यानं मध्ये पडून म्हणायचं, सोड, मी जामीन आहे याला. झाड घाबरतं आणि पुढच्या हंगामाला फळतं. आम्ही पोरं हसून हसून लोळायचो.

आजही सगळे जमले. बायका नव्या ओढण्या घेऊन आलेल्या. बा बुअज्जानं कुऱ्हाड उचलली आणि खजुरीला काय काय बोलला! आमचं पाणी प्यालीस, आमचं खत खाल्लंस, सावलीसुद्धा चोरून देतेस, रांडे, आज तुझं जळण करतो. बायका तोंडावर पदर धरून हसत होत्या. आता कुणीतरी पुढे यायचं होतं. कुणी येईना. हसणं हळूहळू थांबलं. बा बुअज्जानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि घाव घातला. खरा. ढलपी उडून माझ्या पायाशी पडली. त्यानं पुन्हा कुऱ्हाड उचलली.

माझ्यानं बघवेना. मी धावत पुढे गेले, डावा हात बुंध्यावर ठेवला आणि आईच्या गावच्या लहेजात ओरडले, सोड बा, मी जामीन आहे हिला. माझा उत्तरेकडचा उच्चार ऐकून कुणीतरी फिसकन हसलं. त्यांना आणखी हसवावं म्हणून मी हात फिरवून अख्खी बाग दाखवली. म्हटलं, हिलाच कशाला, सगळ्यांनाच! सगळ्या बागेला मी जामीन.

कुणी हसलं नाही.

लल्ला यामना माझ्याजवळ आली. माझी बाही धरून अगदी हळू म्हणाली, किती दिवस? पोरी, किती दिवस ते सांग. लवकर बोल. मला काही कळेना. ती म्हणाली, मुदत सांगायची असते. या हंगामापुरती, म्हण. मी म्हटलं, बरं बाई, या हंगामापुरती. पण तोवर बा बुअज्जानं कुऱ्हाड जमिनीवर टेकवली होती. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, कुऱ्हाड टेकल्यावर बोललेलं धरत नाहीत.

आईच्या गावी मुदत कुणी सांगायचं नाही. तिथे तो खेळ होता.

३० मार्च

झऱ्याजवळच्या खजुरीला कोंब आलाय. पोपटी, भाल्यासारखा. वाळलेल्या गाभ्यातून! बास्सूच्या मेलेल्या झाडालाही आलाय, इद्देरच्याही. मी वर चढून हातानं चाचपून पाहिलं. ओला आहे. मला हे कशातही बसवता येत नाही. अहवालात काय लिहू?

बायका वाटेत थांबवून माझ्या खांद्याचं चुंबन घेतात. पाटाचं पहिलं पाणी माझ्या घागरीत येतं. कुणीतरी दाराशी लोणी ठेवून जातं. मी म्हणते, अहो, मी काहीही केलेलं नाही. त्या म्हणतात, हो हो, काहीही नाही, आणि डोळे पुसतात.

तहान फार लागते हल्ली. उन्हाळा सुरू झाला म्हणून असेल.

७ एप्रिल

शामाला भेटून यावं म्हणून सकाळी टॅक्सीत बसले. नदी ओलांडली तेव्हा ओठ कोरडे पडले. घाटाच्या पायथ्याशी पाण्याची बाटली संपली. मग ड्रायव्हरची. मग मागच्या सीटवरच्या बाईनं बाळासाठी ठेवलेलं पाणी मला दिलं आणि मी ते प्यायले. बाळासमोर. घशाखाली उतरतच नव्हतं, पाणी कुठेतरी मध्येच नाहीसं होत होतं. जीभ टाळूला चिकटली. ओठ फुटले, पण रक्त आलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, बाईसाहेब, मी तुम्हाला परत नेतो, माझ्या गाडीत हे नको. त्यानं गाडी वळवली.

पहिली खजुरी दिसली आणि तोंडात लाळ आली. साधी लाळ. मला रडू कोसळलं.

साखर वाढली असेल. रक्त तपासायला हवं. या वयात होतं असं.

डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या बाजूचा तळवा पांढरा पडलाय. एकाच बाजूनं.

८ एप्रिल

बा बुअज्जा सकाळी येऊन दारात बसला. म्हणाला, काल तू घाटात होतीस तेव्हा सगळे कोंब मान टाकून पडले होते, आम्हाला वाटलं गेली बाग. मग म्हणाला, आता पुन्हा नको जाऊस, पोरी. धमकावत नव्हता. विनवत होता.

१३ एप्रिल

मी लल्ला यामनाला धरलंच. कणीक मळत होती. मळता मळताच बोलली.

इद्देर तिचा मुलगा. लग्नाच्या दिवशी धाक दाखवताना तो त्या खजुरीला जामीन राहिला. जवानीच्या मस्तीत म्हणाला, कायमचा. जुनी माणसं कायमचाच म्हणायची, लल्ला यामनाही तसंच म्हणाली होती. त्या वेळी कोण कुठे जात होतं? पुढे इद्देर फ्रान्सला गेला. आधी झाड पांढरं पडलं, मग तो. इस्पितळात दंडात सुई, वर बाटली, पाणी थेंब थेंब आत जातंय आणि पोरगा वाळतोय. तिथले डॉक्टरही हुशार होते, ती म्हणाली, तुझ्यासारखेच. शवपेटी आली तेव्हा नदीच्या या काठावर तिनं एक बाजू एकटीनं उचलली. इतकी हलकी.

बास्सू, इत्तो, सगळे तसेच. झाडं आजारी नव्हतीच. ज्यांचे जामीन गेले ती झाडं गेली.

बाबा, तुम्ही सांगितलं होतं. मी माती उकरत बसले.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, काय सांगायचं होतं? तू यंत्र घेऊन आलेलीस, तू ऐकलं असतंस? मग हात थांबले तिचे. म्हणाली, तू सगळ्या बागेवरून हात फिरवलास ना, तेव्हा मला मुदत आठवली होती. लगेच आठवली होती. पण त्या बागेत इद्देरची खजुरी पण आहे ना गं. एक श्वासभर मी गप्प राहिले. एकच श्वास.

मी तिच्यावर ओरडायला हवं होतं. तिच्या हातातली कणीक घेतली आणि मळत बसले.

१९ एप्रिल

सुटका कशी, ते विचारून घेतलं. झाडं सगळी तोडली तर? बा बुअज्जा म्हणाला, मग तू पण गेलीस. दुसऱ्या कुणी जामिनकी घेतली तर? घेता येते. पण जो आधीच एका झाडाला जामीन आहे त्याचा शब्द चालत नाही, आणि इथे उरलेले सगळे तसेच आहेत. शिवाय मागून मिळत नाही. कुऱ्हाड उगारलेली बघून बघणाऱ्याच्याच पोटात तुटायला हवं. तुझ्या तुटलं तसं.

मग तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, तुझ्या घरी कोण कोण आहे?

मी म्हटलं, कुणी नाही.

२५ एप्रिल

पुन्हा प्रयत्न केला. बागेची माती पिशवीत भरून घेतली, पाटाच्या पाण्याचे कॅन घेतले, मुळांचे तुकडे ओढणीत बांधून पोटाशी धरले. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईनं.

नदीच्या मधोमध पडले. बायकांनी उचलून आणलं. कुणी रागावलं नाही. एकीनं माझे पाय धुतले.

पांढरेपणा कोपरापर्यंत.

३ मे

शामाचा फोन. कधी येतेस गं? मी म्हटलं, काम आहे. ती म्हणाली, झाडं कुठे पळून जाणारेत का? बाळ थांबणारे का तुझ्या झाडांसाठी? मग मी ठरवून बोलले. शामा, मला यायचं नाहीये. बाळंतपणं काय जगात रोज होतात. मला इथे बरं वाटतंय, मला माझं आयुष्य आहे.

ती म्हणाली, तू खोटं बोलतेस तेव्हाच मला शामा म्हणतेस, एरवी चिमणी म्हणतेस. काय झालंय तुला?

मी फोन ठेवला.

फोनवर बोलत होते ते अंगणात. बा बुअज्जा पाट उकरत होता. त्यानं मान वर केली नाही.

९ मे

आज कुणीतरी दूरच्या कोपऱ्यात वाळक्या झावळ्या काढल्या. मला कळलं. खांद्यात कळलं.

वारा कुठल्या बाजूनं शिरला तेही आता आधी कळतं.

बाग इतकी हिरवी कधी नव्हती म्हणतात. अहवाल लिहायला घेतला. पहिलं वाक्य लिहिलं, झाडांना आता कसलाही धोका नाही. पुढे —

१२ मे

उठवत नाही. मला झऱ्याजवळ, त्या खजुरीशी आणून बसवतात. तिथे तहान कमी असते. डावा हात बुंध्यावर ठेवला की थंड वाटतं. तो परत काढायला वेळ लागतो. रोज थोडा जास्त.

शामाचा निरोप आला लल्ला यामनाच्या फोनवर. ती निघतेय. नवरा आणतोय गाडीनं. डॉक्टर नको म्हणाले, तरी.

यामनाला विचारलं, पत्ता कुणी दिला? ती भाकरीकडे बघत राहिली.

१३ मे

माझं काही खरं नाही. एका बाईच्या अंगात इतक्या झाडांना पुरेल एवढं पाणी नसतं, हे बा बुअज्जाला माझ्याआधी कळलं होतं. तो येऊन शेजारी टेकला. माझे केस सारखे केले. म्हणाला, तू गेलीस तर बाग जाईल, बाग गेली तर आम्ही सगळे. मग म्हणाला, लेक मऊ मनाची आहे का तुझी?

मी थुंकले त्याच्यावर. तोंडात काही नव्हतंच —

तो म्हणाला, पोटुशीचा शब्द दुहेरी असतो. एका अंगात दोन जीव. किती वर्षं पुरेल.

म्हणाला, तू तर सुटशील ना गं.

देवा, क्षणभर मला ते —

क्षणभरच.

१४ मे

सकाळ. गावात कोंबडे कापताहेत. बायकांनी नव्या ओढण्या घेतल्यात. मला झाडाशी टेकवलंय. डावा हात आता निघत नाही. उजव्यानं लिहितेय.

बा बुअज्जा कुऱ्हाडीला धार लावतोय. आवाज इथवर —

यामनाला म्हटलं, ही वही घे, नदीवर जाऊन थांब, गाडी आली की आधी शामाच्या हातात दे. तिला वाचू दे, मग येऊ दे. तिनं वही घेतली. पदरात धरली. नदीकडे बघितलं, इद्देरच्या झाडाकडे बघितलं. वही माझ्या मांडीवर परत ठेवली.

रडत होती. पण ठेवली.

धूळ उठलीय वळणावर.

चिमणे, तू लहान असताना कसायाच्या दारात बकरीच्या गळ्याला मिठी मारून बसली होतीस. सोडेनास. तो हसत होता, मी हसत होते. किती अभिमान वाटला होता मला —

गाडीचं दार. तिचा आवाज. यिम्मा, यिम्मा, मला हाका मारत येतेय. किती मोठं पोट दिसतंय. चालवत नाहीये तिला —

बा बुअज्जा उठला. शिव्या देतोय. झाडाला नाही. मला देतोय —

चिमणे, वहीत बघ, माझ्याकडे नको. दोन्ही हात पोटावर ठेव. तो उगारेल. घाव पण घालेल. तू बोलू नकोस. तिथेच उभी राहा. एकदा, आयुष्यात एकदा माझं ऐक, पुढे येऊ नकोस, सोड, मी जामीन आहे हिला, असं म्हणू नकोस, हात नको लावू, चिमणे, हात —